मामा तलावाच्या पाळीवरची मोटरहोम: आत शिरलेल्या डासांचं एक प्रकरण

ऑक्टोबरचा मधला आठवडा, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं आमचं गाव आणि गावच्या मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी केलेली एक भाड्याची मोटरहोम. आत माझा पुण्याला नोकरी करणारा भाचा, त्याची बायको, सात वर्षांचा मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी. गाडी नागपुरात घ्यायची, नवेगावबांध आणि नागझिरा बघायचं, रात्री गाडीतच झोपायचं, असा बेत. घरी खोल्या रिकाम्या असताना पाळीवर झोपायची हौस मला काही कळली नाही, पण पोरांना चांदणं दाखवायचं होतं म्हणे. उजाडायच्या आत भाच्याचा फोन आला. "मामा, खिडक्यांना जाळ्या आहेत, दार बंद आहे, तरी रात्रभर मच्छरांनी फोडून काढलं. येतात कुठून हे?"

माझी सारी नोकरी हिवताप विभागात गेली. पहाटे लोकांच्या घरात आणि गोठ्यात टॉर्च घेऊन शिरायचं, काचेच्या शोषनळीने भिंतीवरचे डास ओढायचे, तासाभरात किती सापडले ते वहीत मांडायचं. त्यामुळे प्रश्न ओळखीचा होता, फक्त घराला चाकं होती.

गाडी आणि जागा

गाडी टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली. मागे आडवा पलंग, मधल्या बाकाचा रात्री दुसरा पलंग, छोटा ओटा, पाच किलोचा सिलिंडर, एका माणसापुरतं न्हाणीघर, छताला उघडणारी झडप, सरकत्या काचांच्या खिडक्या. छतावर एसी आहे, पण तो बाहेरची वीज जोडली तरच चालतो. बॅटरीवर दिवे, एक पंखा, पाण्याचा पंप आणि मोबाइल. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून अशा गाड्या आमच्याकडेही अधूनमधून दिसू लागल्या आहेत. त्यांना वीज-पाणी जोडून देणारी जागा गावात नाही, त्यामुळे पर्यटक जिथे नजारा चांगला तिथे गाडी लावतात.

नजारा चांगला होताच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत, त्यातले कित्येक कोहळी लोकांनी बांधलेले. आमचा त्यातलाच एक. पाळीच्या एका अंगाला भरलेला तलाव, त्यात शिंगाड्याचे वेल आणि पाणवनस्पती. दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, हलका धान कापणीला आलेला आणि भारी धान अजून पाण्यात उभा. पाळीच्या टोकाला एका शेतकऱ्याचा गोठा. मोटरहोम बरोबर या तिघांच्या मधे. डासांना जागा निवडायला सांगितली असती तरी त्यांनी हीच निवडली असती.

कारण प्रत्येक पाण्याचा डास वेगळा. धानाच्या बांधीतल्या साचल्या पाण्यात क्युलेक्सच्या त्या जाती वाढतात ज्यांच्यामुळे जपानी मेंदूज्वर पसरतो. पाणवनस्पतींच्या मुळांना अळी चिकटवून श्वास घेणारा मॅन्सोनिया तलावात. कालव्याच्या आणि तलावाच्या स्वच्छ काठाशी ॲनोफिलिस, म्हणजे हिवतापाचा. आणि गोठा ही त्यांची खाणावळही आणि दिवसाची झोपायची जागाही. आपल्या भागातला ॲनोफिलिस क्युलिसिफेसिस माणसापेक्षा गुराला जास्त पसंत करतो, हे खरं. पण संध्याकाळी तलावाकडून गोठ्याकडे निघालेल्या डासाच्या वाटेत चार माणसं आयती झोपलेली असतील तर तो पुढे कशाला जाईल?

रात्रीचा क्रम

नवरा-बायकोला वेगवेगळं विचारून रात्र जुळवली. एकत्र विचारलं की एकमेकांच्या चुका काढण्यातच वेळ जातो.

पाचच्या सुमाराला गाडी लागली. बाहेर सतरंजी टाकून चहा झाला. आमच्याकडे ऑक्टोबरच्या मध्याला पावणेसहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, पुण्यापेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी. भाचा सवयीने सहा-सव्वासहाला 'आता संध्याकाळ होईल' म्हणत बसला होता, तेव्हा डासांची पहिली झुंड उठून गेलीसुद्धा होती. त्याच वेळात कप आत ने, बिस्किटं बाहेर आण, मुलीची चड्डी बदल, असं दार सारखं उघडं-बंद. आत पांढरा लखलखीत दिवा लावलेला. सातला आतल्या दिव्याभोवती किड्यांचा धूर झाला, म्हणून सगळं बंद केलं. गाडीत चार माणसं आणि पत्र्याला दिवसभराचं ऊन, तेव्हा तासाभरात घुसमट. मग जाळी आहेच म्हणून खिडक्यांच्या काचा चार बोटं उघड्या केल्या. दहाला मुलं झोपली, अकराला मुलगी रडत उठली. भाच्याने बाहेरून आणलेली कॉइल जमिनीवर पेटवली, मुलगी खोकायला लागली, तेव्हा दार उघडून धूर बाहेर काढला. पुढची रात्र दोघांनी रॅकेट हाणत काढली.

सूनबाईंचा संशय सांडपाण्याच्या बादलीवर होता. नळकांड्याखाली ठेवलेल्या बादलीत काळं पाणी होतं, त्यातूनच डास झाले असणार, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "बेटा, अंड्यापासून उडणारा डास व्हायला गरमीतही आठवडाभर लागतो. तुमची बादली कालची आहे." बादली रोज ओतायला हवी, पण त्या रात्रीचा गुन्हा तिचा नव्हता.

सकाळची झडती

पहाटेची वेळ महत्त्वाची. रात्रभर प्यायलेला डास जड झालेला असतो, अंधाऱ्या जागी बसून असतो, पळत नाही. दार उघडू नका असं फोनवरच सांगून ठेवलं होतं. आत शिरून दार लगेच लावलं आणि टॉर्च घेऊन कोपरे बघितले.

पलंगाखाली, पडद्यांच्या मागच्या बाजूला, काळ्या बॅगेवर, चपलांच्या कप्प्यात डास होते आणि बहुतेकांची पोटं लाल. बहुतेक अंग भिंतीला समांतर ठेवून बसलेले, म्हणजे क्युलेक्स. काही मात्र डोकं खाली, शेपूट वर, भिंतीला तिरपे. ते ॲनोफिलिस. हा फरक कुणालाही टॉर्चने बघता येतो आणि बघून घ्यावा, कारण पहिल्याने खाज येते आणि दुसऱ्याने हिवताप येऊ शकतो. पहिल्याला निर्धोक म्हणतोय असं नाही, त्याचं पुढे येईल.

खरी गंमत ड्रायव्हरच्या केबिनमध्ये होती. केबिन आणि मागचा भाग यांच्यामधे जाडसर पडदा. पडद्याच्या पुढच्या बाजूला, ब्रेक-क्लचच्या अंधारात, डॅशबोर्डखाली भरपूर डास, आणि त्यातले बहुतेक उपाशी, पोटं पांढरी. झोपणाऱ्यांजवळचे भरल्या पोटाचे आणि केबिनमधले रिकामे, याचा अर्थ उघड होता. केबिनमधून आत येणारी एक वाट होती आणि पडद्याने तिथल्या बऱ्याच जणांना अडवलं होतं. गाडी बांधणारे कारागीर मागच्या घराला जाळ्या लावतात, केबिन कंपनीची म्हणून तशीच सोडतात. पण कंपनीच्या केबिनला हवा येण्यासाठी झडपा असतात, पायाखाली तारांची भोकं असतात, गिअरच्या दांड्याभोवतीचं रबर फाटलेलं असतं. आणि त्या रात्री केबिनमधल्या एसीची हवेची कळ 'बाहेरची हवा' यावर होती.

बाकीच्या वाटा शोधायला साधी युक्ती केली. दिवस वर आल्यावर सगळे पडदे, सगळ्या काचा बंद केल्या, खिडक्यांवर आतून चादरी लावल्या आणि अंधारात बसलो. डोळे सरावले की जिथून उजेडाची रेघ येते तिथून डास येतो. टाचणीच्या टोकाएवढं भोक सोडून द्यायचं, त्यातून काही येत नाही. पेन्सिल शिरेल ते मोठंच समजायचं.

उजेड आला तो असा. छताच्या झडपेची जाळी एका कोपऱ्यात चौकटीतून सुटलेली. ओट्याच्या भांड्याचा निचरा थेट खाली, मधे पाण्याचा सापळा (पाणी अडून राहणारं वळण) नाही, म्हणजे नळी ही उघडी बोळच. न्हाणीचं तसंच. दाराच्या खालच्या पायरीपाशी रबर दबून गेलेलं. आणि सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला मुद्दाम पाडलेली भोकं, त्यांवर जाळी नाही.

खिडक्यांचा दोष उजेडात दिसला नाही, कारण तो काच अर्धी उघडल्यावरच तयार होतो. सरकत्या खिडकीत दोन काचा एकापुढे एक सरकतात आणि त्यांच्या कडेला ब्रशची पट्टी असते. काच पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडी असली तर ती पट्टी जाळीच्या चौकटीला टेकते. मधेच चार बोटांवर थांबवली तर दोन काचांमधे उभी फट उरते, ती थेट जाळीच्या मागे निघते. म्हणजे भाच्याने हवेसाठी केलेली काटकसर डासांच्या कामी आली. जाळी बघितली की माणूस निर्धास्त होतो, काच कुठे थांबली आहे ते बघत नाही.

झडतीत एक आगंतुक सापडला. गाडीच्या मागच्या चाकाच्या कव्हरात, स्टेपनीच्या खाली, थोडं पावसाचं पाणी होतं आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. एडिसच्या. पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा चावतो, डेंग्यू पसरवतो आणि फार लांब उडत नाही. मुलाच्या घोट्यावरच्या, आदल्या दुपारी प्रवासात आलेल्या गाठी त्याच्याच असाव्यात. पाणी ओतून कव्हर आतून घासून काढलं. नुसतं ओतून भागत नाही, त्याची अंडी कोरड्या पृष्ठभागाला चिकटून कित्येक महिने टिकतात. तळ्याकाठी येऊन नागपूरचे डास सोबत आणायचे म्हणजे कमालच.

काय केलं, कोणत्या क्रमाने

पहिलं काम जागा बदलणं. भाचा थोडा हिरमुसला, पण गाडी पाळीवरून काढून गावाबाहेरच्या मुरमाड टेकाडावर आणली. फायदा किती? प्रामाणिकपणे सांगायचं तर अंतराने फार नाही. क्युलेक्स आणि ॲनोफिलिस दोन-तीन किलोमीटर सहज जातात. फायदा उंचीचा, उघड्या वाऱ्याचा, आणि गोठा-तलाव यांच्या मधून बाजूला झाल्याचा. डास अशक्त उडणारा, सेकंदाला एक-दीड मीटरच्या पुढे वारा गेला की त्याला जमत नाही. गाडीचं दार वाऱ्याच्या बाजूला केलं. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास वाऱ्याबरोबर आडोशाच्या बाजूला वाहतो, आणि त्या वासाचा माग काढत डास वाऱ्याविरुद्ध येतो, त्यामुळे तो आडोशाच्या अंगाला जमतो. दार तिकडे असेल तर आपण त्याला अंगणात बोलावल्यासारखं होतं.

दुसरं दार. माझ्या मते निम्म्याहून जास्त डास संध्याकाळी दारातूनच आले, बाकी भोकांनी मिळून उरलेले. अर्जुनीच्या बाजारातून नायलॉनची जाळी मीटरवर आणली आणि गावातल्या शिंप्याकडून दोन पल्ले शिवून घेतले, मधे वीतभर एकमेकांवर चढतील असे. वरून वेलक्रो. खालच्या काठाला दुमड घालून त्यात सायकलची जुनी चेन ओवली. वजन नसेल तर जाळी खालून हलते आणि डास पायरीपाशीच घोटाळत असतो. शिंपी म्हणाला, "मामा, मधात चुंबक लावून देऊ का जी?" चुंबकवाले तयार पडदे शहरात मिळतात, चांगलेही असतात, पण अडीच वर्षांच्या पोरीने ते दिवसभरात उपसले असते. वीतभर चढवलेला पल्ला तिच्या हाताने उघडला तरी आपोआप पडतो.

जाळी कोणती घ्यावी, यावर भाच्याशी बराच वाद झाला. त्याला सगळ्यात बारीक हवी होती. साधी मच्छरदाणी चौरस इंचाला दीडशेच्या आसपास छिद्रांची असते, ती डासाला पुरते. त्याहून बारीक घेतली की हवा अडते, गाडीत उकडतं, मग कुणीतरी वैतागून दारच उघडं टाकतं. मी साधीच घेतली. तिच्यातून जो किडा येतो त्याची वेगळी सोय केली, ती खाली सांगतो.

तिसरं, खिडक्या: एक तर पूर्ण उघड्या, नाही तर पूर्ण बंद, मधलं काही नाही. झडपेच्या जाळीचा कोपरा दुहेरी टेपने बसवला. तारांच्या भोकांना एम-सील. ओट्याच्या आणि न्हाणीच्या निचऱ्याला रात्री रबरी बूच. केबिनची हवेची कळ 'आतली हवा' यावर, गिअरभोवती जुन्या टॉवेलची गुंडाळी, आणि मधल्या पडद्याच्या चारही कडा वेलक्रोने बंद. केबिन डासमुक्त करण्याच्या नादी लागलो नाही. तिथे शंभर वाटा आहेत. ती त्यांना देऊन टाकली आणि मागचं घर ठेवलं.

चौथं, वेळ. सूर्य बुडायच्या आधी, पाचलाच, रात्रीचं सगळं सामान बाहेर किंवा सगळं आत. मधे ये-जा नाही. चूल बाहेर, जेवण बाहेर, आतले दिवे बंद. बाहेर बसताना पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात मोजे, उघड्या कातडीला डास दूर ठेवणारं मलम. मुलीला मलम आईने स्वतःच्या हाताने लावलं, तिच्या तळहाताला आणि डोळ्यांजवळ नाही, कारण हात तोंडात जातो. दोन महिन्यांखालच्या बाळाला डीटचं मलम लावत नाहीत, तीन वर्षांखालच्यांना लेमन युकॅलिप्टसचं तेल लावत नाहीत, एवढं डब्यावर वाचून घ्यावं. शेजारच्या काकूंनी गोवरीवर कडुनिंबाचा ओला पाला टाकून धूर केला आणि वाऱ्याच्या अंगाला ठेवला. धूर डास मारत नाही, बाजूला सारतो, आणि जोवर आपल्या डोळ्यांत पाणी येतं तोवरच सारतो. जेवणापुरता तो ठीक आहे.

पाचवं, पलंगावर मच्छरदाणी. जाळ्या लावलेल्या गाडीत पुन्हा मच्छरदाणी कशाला, असं सूनबाई म्हणाल्या. कारण रात्री एकदा तरी कुणीतरी लघवीला उठतं, मामाजींनी कितीही सांगितलं तरी. गाडीतल्या पलंगाची अडचण अशी की तो अरुंद असतो, कोपर आणि गुडघा जाळीला टेकतो आणि डास बाहेरूनच सोंड खुपसतो. म्हणून मच्छरदाणीच्या खालच्या हातभर भागाला आतून जुन्या सुती साडीची पट्टी शिवली. कापडातून सोंड जात नाही, वरून हवा येते. गडचिरोलीकडे शासनाने वाटलेल्या कीटकनाशक भारित मच्छरदाण्या मिळाल्या तर आणखी बरं, त्यांना बसलेला डास मरतो. पण त्या पर्यटकांसाठी नाहीत, त्या मागायला जाऊ नये.

आणि पंखा. गाडीत एकच होता, तो ओट्याकडे तोंड करून. बाजारातून बारा व्होल्टचा आणखी एक घेतला आणि दोन्ही पलंगांच्या लांबीने वारा जाईल असे लावले. एक पंखा जास्तीत जास्त दोन ॲम्पिअर ओढतो, म्हणजे दोन्ही पंखे आठ तास चालले तर बत्तीस ॲम्पिअर-तास. शंभरच्या बॅटरीला ते झेपतं, मात्र मोबाइल आणि पंप दिवसा उरकायचे.

ज्याला नाही म्हटलं

सिलिंडरच्या कप्प्याची भोकं दिसताच भाच्याने त्यात चिंध्या कोंबायला घेतल्या. तिथे मी आवाज चढवला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, जमिनीशी साचतो, आणि या भोकांतूनच बाहेर पडतो. ती बुजवली तर चार माणसं झोपलेल्या पेटीत गॅस साठेल. त्यावर बाहेरून स्टीलची जाळी लावली, पण सपाट नाही, डब्यासारखी फुगीर, म्हणजे जाळीने अडवलेली हवा डब्याच्या कडांतून भरून निघते. कच्च्या रस्त्याची धूळ अशा जाळीत बसते, ती ब्रशने काढत राहावी लागते. गाडीमालकाला हे फोनवर समजावून सांगितलं, तो 'हो हो' म्हणाला.

कॉइल गाडीत नाही, म्हणजे नाही. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे असू शकतात, असं मोजमाप झालेलं आहे, आणि जागा जितकी लहान तितकी त्यांची दाटी जास्त. आपली दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली सुमारे ३४ घनमीटर भरते. ही गाडी जेमतेम १२. शिवाय आत फोमच्या गाद्या, ठिणगीने पेटणाऱ्या. लिक्विडचं मशीनही याच हिशोबाने बघावं, खोलीसाठी बनवलेली मात्रा तिथे तिप्पट होते. लावायचंच असेल तर झोपण्याआधी तासभर, माणसं बाहेर, मग बंद करून झडप उघडायची. डास मारायचा फवाराही सिलिंडर बंद करून, चूल गार झाल्यावर, कारण फवाऱ्याच्या डब्यातला वायू स्वतःच पेट घेणारा असतो. मोबाइलमधून आवाज काढून डास पळवणारं ॲप भाच्याने दाखवलं. मी म्हटलं, त्याने बॅटरी तेवढी उतरेल.

जे डास नव्हते

पहिल्या रात्री दिव्याभोवती झालेला धूर बघून सूनबाई घाबरल्या होत्या. तो बहुतेक तुडतुड्यांचा होता. धान पिकायला लागला की हिरवे आणि तपकिरी तुडतुडे उजेडाकडे लोंढ्याने येतात, दिवाळीत आमच्याकडे पणतीजवळ बसवत नाही. ते साध्या जाळीतूनही काही प्रमाणात घुसतात, पण त्यांना रक्त नको असतं. त्यांच्यासाठी आतला पांढरा दिवा काढून पिवळसर लावला आणि तो उशाशी नेला. गर्दी निम्म्यावर आली. गाडीत किडे दिसले की ते सगळे डास समजून लोक औषधाची मात्रा वाढवतात, म्हणून हे लिहिलं.

साध्या जाळीतून येणारा दुसरा किडा मात्र हलक्यात घेण्यासारखा नाही. वाळूमाशी. दोन-तीन मिलिमीटरची, केसाळ, पिवळट, उडण्यापेक्षा टुणटुणत जाणारी. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा इथे जो विषाणू पहिल्यांदा सापडला, तो हिच्यामार्फत पसरतो आणि लहान मुलांच्या मेंदूवर उठतो. ती मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यात, शेणाजवळ राहते, म्हणून गाडी गोठ्यापासून आणि जुन्या मातीच्या घराच्या भिंतीपासून दूर घेतली. तिला बारीक जाळीपेक्षा पंख्याचा वारा जास्त अडवतो. ती डासाहूनही अशक्त.

दुसरी रात्र आणि नंतर

दुसऱ्या सकाळी पुन्हा टॉर्च घेऊन गेलो. मागच्या भागात शोधून शोधून जे सापडले ते मोजायला एक हात पुरला, आणि त्यातला लाल पोटाचा एकच, तोही न्हाणीच्या दारामागे. रात्री मुलगा उठला होता. केबिनमध्ये होतेच, पडद्यापलीकडे, उपाशी. मुलीच्या अंगावर नवी गाठ नव्हती. सूनबाईंनी मला शिऱ्याची वाटी आणून दिली, त्यावरून मी पुढचं समजलो.

जाताना त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. हत्तीपायाची भीती घेऊ नका. क्युलेक्सची दुसरी एक जात तो पसरवते आणि आपल्या भागात तो आहे, पण त्यासाठी महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चावे लागतात. आमच्या काळी आम्ही रात्री आठ ते बारामधे घरोघर फिरून रक्त घ्यायचो, कारण त्याचे सूक्ष्म जंतू रात्रीच बोटाच्या रक्तात उतरतात. एका मुक्कामात तो होत नाही. हिवतापाचं मात्र वेगळं. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलपट्ट्यात फाल्सिपेरम, म्हणजे हिवतापाचा जास्त धोक्याचा प्रकार, आहे. तो चाव्यानंतर साधारण एक ते दोन आठवड्यांत ताप देतो, व्हायव्हॅक्स हा दुसरा प्रकार त्याहून उशिरा, कधीकधी महिन्यांनी. म्हणून पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत कुणालाही ताप आला तर डॉक्टरांना आधी हेच सांगायचं की आम्ही पूर्व विदर्भात तलावाकाठी झोपलो होतो. पुण्यातला डॉक्टर ऑक्टोबरच्या तापाला डेंग्यू समजून बसेल आणि हिवतापासाठी रक्ताची काचपट्टी करायची राहून जाईल.

दिवाळीनंतर मुलाला ताप आला. भाच्याने दवाखान्यात ते सांगितलं, झटपट किट आणि काचपट्टी दोन्ही झालं, हिवताप नव्हता, सर्दीचा ताप होता, दोन दिवसांत उतरला. शिवलेले जाळीचे पल्ले त्यांनी गाडीबरोबर परत दिले नाहीत. ते सध्या त्यांच्या पुण्याच्या घराच्या गॅलरीला लावलेत, सायकलच्या चेनसकट.